उद्यान जाहीर झालं, म्हणजे जमीन गेली का?

(या सदरात वाचकांच्या जमिनीच्या कागदांबद्दलच्या प्रश्नांना निवृत्त उपजिल्हाधिकारी उत्तरं देतात. या अंकात तीन पत्रं.)

प्रश्न : साहेब, नमस्कार. मी पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालो, राहायला धनकवडीला. आमचं मूळ गाव घाटमाथ्यावर आहे. गावाचं नाव छापू नये, ही विनंती. तिथं आजोबांच्या नावावर दोन हेक्टर दहा आर जमीन आहे. बरीचशी वरकस, खालच्या अंगाला भाताची चार खाचरं. वडील आणि दोन्ही चुलते वारले, पण सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत. जमीन चुलतभाऊ कसतो. त्याची गुरं दिवाळीनंतर वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चरायला जातात. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, की चावडीवर कागद लागलाय, आपलं शिवार राष्ट्रीय उद्यानात जाणार. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो जमीन गेलीच, दुसरा म्हणतो असले कागद आम्ही पुष्कळ बघितलेत. इकडे पुण्यात एक एजंट मागे लागलाय : "सरकारनं घ्यायच्या आधी मला द्या, मागच्या तारखेचा स्टॅम्प मी बघतो." आम्हाला जमीन विकायची नाही. मोबदला नको, जमीन राहू द्या, असं लिहून देता येतं का?

उत्तर : तुम्ही पत्रासोबत सातबाऱ्याची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत, पण ती इतकी फिकी आहे की 'इतर हक्क'चा रकाना मला भिंग लावून वाचावा लागला. तिथं उद्यानाचा उल्लेख नाही. आहे तो विकास सोसायटीचा ८०० रुपयांचा बोजा, तोही तुमच्या आजोबांच्या काळातला. त्याकडे नंतर येतो.

जमीन गेलेली नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ मध्ये राष्ट्रीय उद्यान दोन अधिसूचनांनी होतं. पहिली इराद्याची : अमुक चतु:सीमेतलं क्षेत्र राष्ट्रीय उद्यान करण्याचा शासनाचा इरादा आहे. दुसरी अंतिम. या दोन्हींच्या मधे हक्कांची चौकशी असते आणि ती जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं नेमलेला अधिकारी करतो. कायदा सांगतो की दाव्यांची मुदत संपून सगळे दावे निकाली निघाले पाहिजेत, आणि आतल्या जमिनींवरचे सगळे हक्क शासनाकडे निहित झाले पाहिजेत, मगच अंतिम अधिसूचना काढायची. म्हणजे तुमचा हक्क शिल्लक असेपर्यंत उद्यान कायद्यानं पुरं होत नाही.

आमच्या कचेरीत एक अव्वल कारकून होते, ते लोकांना समजावताना म्हणायचे, इरादा म्हणजे साखरपुडा. लग्न झालेलं नाही, पण आता दुसरं स्थळ बघता येत नाही. कलम २० चा अर्थ इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नाही. इरादा जाहीर झाल्यानंतर त्या हद्दीतल्या जमिनीवर कुणालाही नवा हक्क मिळवता येत नाही. अपवाद एकच, वारसाहक्क. मग तो मृत्युपत्रानं आलेला असो वा त्याशिवाय. तेव्हा तुमच्या एजंटाला आज तुम्ही जमीन विकलीत, तरी त्याला कायद्यानं काही मिळत नाही. मागच्या तारखेचा स्टॅम्प आणून तो मिळवू पाहतोय, त्याला बनावट दस्त म्हणतात, आणि त्यावर सही तुमची असणार. त्याला चहा पाजा आणि जिना दाखवा.

आता आधी एक काम करा. चावडीवर नेमका कोणता कागद लागलाय, त्याचा फोटो चुलतभावाकडून मागवा. पूर्ण पानाचा, तारीख आणि सही दिसेल असा. गावाकडे तीन वेगवेगळ्या कागदांना 'उद्यानाचा कागद' म्हणतात. एक, इराद्याची अधिसूचना. दोन, कलम २१ चा जाहीरनामा, जो स्थानिक भाषेत गावोगाव प्रसिद्ध करावा लागतो आणि त्याच्या तारखेपासून दोन महिन्यांत लेखी दावे द्यायचे असतात. तीन, पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा. तो १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालचा, उद्यानाच्या भोवतालच्या पट्ट्यासाठी. त्यात बांधकाम, खाणी, कारखाने यांवर बंधनं येतात, मालकी जात नाही. हा तिसरा कागद असेल तर निम्मी धावपळ वाचली. दुसरा असेल, तर दोन महिन्यांतला एक तुमचा फोनाफोनीत गेलेलाच आहे.

दावा कुणाच्या नावानं द्यायचा? आजोबा तर नाहीत. वारसनोंद आजवर का केली नाही, हे विचारत नाही. पुण्यातल्या निम्म्या घरांत हीच गोष्ट आहे. वारसाला कलम २० आडवं येत नाही, म्हणून आता लगेच अर्ज करा. मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे फेरफार. मात्र फेरफार मंजूर होईपर्यंत दावा अडवून धरू नका. दाव्यात "वारस या नात्याने, वारसनोंदीचा अर्ज दाखल" असं लिहून पोच जोडा. तुमच्या पत्रात वडील आले, चुलते आले, चुलतभाऊ आला. आत्यांचं, बहिणींचं नाव कुठेच नाही. त्या आहेत का? असतील तर दाव्यात त्यांची नावं घाला, नाहीतर मोबदल्याच्या दिवशी प्रांतांसमोर त्या हरकत घेऊन उभ्या राहतील, आणि त्यांचं चूक नसेल. सोसायटीचा ८०० रुपयांचा बोजाही आत्ताच निरंक (बाकी नसल्याचा) दाखला आणून कमी करून घ्या. एवढ्याशा नोंदीपायी अख्ख्या कुटुंबाची रक्कम कोषागारात पडून राहिलेली मी पाहिली आहे.

तुमचा खरा प्रश्न शेवटी आहे : मोबदला नको, जमीन राहू द्या. इथं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक नीट समजून घ्या. गावकऱ्यांना तो कुणी सांगत नाही, आणि खुद्द चौकशी अधिकाऱ्यांच्याही कधीकधी ध्यानात नसतो. दावा मान्य झाला तर अभयारण्यात जिल्हाधिकाऱ्यापुढे तीन वाटा असतात. ती जमीन हद्दीतून वगळायची, किंवा ती संपादन करायची, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाशी विचारविनिमय करून तो हक्क आत तसाच चालू ठेवायचा. राष्ट्रीय उद्यानासाठी कलम ३५ नं नेमकी ही तिसरी वाट काढून टाकली आहे. म्हणून "आम्हाला आत राहू द्या, आम्ही जंगलाला त्रास देणार नाही" असा अर्ज कितीही कळकळीनं लिहिलात तरी उद्यानाच्या कामात तो मंजूर करण्याचा अधिकारच समोरच्या खुर्चीला नसतो. असे अर्ज गठ्ठ्यानं येतात आणि गठ्ठ्यानं फेटाळले जातात. लोकांना वाटतं साहेब निर्दय आहे.

जमीन राखायची असेल तर अर्जातले शब्द हे हवेत : "गट क्रमांक अमुक प्रस्तावित उद्यानाच्या हद्दीतून वगळावा." याला आधार कलम २४ चा आहे. आता तुमचा गट वगळण्याजोगा आहे की नाही, हे नकाशा सांगेल. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची आणि गटाच्या नकाशाची प्रत घ्या. इराद्याच्या राजपत्रात चतु:सीमा दिलेली असते, ती या नकाशावर पेन्सिलीनं ओढा. तुमची खाचरं गावठाणाला आणि दुसऱ्या मालकी शेतांना लागून, हद्दीच्या कडेला आली, तर मागणीत दम आहे. शेजारच्या खातेदारांनीही त्याच शब्दांत अर्ज द्यावेत, म्हणजे सलग पट्टा दिसतो. चारही बाजूंनी राखीव जंगल आणि मधे तुमची दोन हेक्टर असतील, तर मागणी जरूर करा, पण घरात मोबदल्याचंही बोलून ठेवा. अर्जात दोन्ही मागता येतं : वगळा, आणि न वगळल्यास इतका मोबदला. कायद्याच्या नमुन्यात हक्काचं स्वरूप आणि मागितलेली रक्कम, दोन्ही लिहायला जागा असते. पहिली मागणी केल्यानं दुसरी बुडत नाही.

मोबदल्याबद्दल थोडक्यात. १८९४ चा भूसंपादन कायदा गेला, १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा आला. ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनच्या दरम्यानचा गुणक लागतो, विहीर, झाडं, घर यांची किंमत मिळवली जाते आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. तुमची संमती असेल तर पैशाऐवजी जमीन, किंवा काही पैसे आणि काही जमीन, अशीही तरतूद वन्यजीव कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. ती कुणी आपणहून सांगत नाही, मागावी लागते. रक्कम कमी वाटली तर उचलताना "निषेधासह स्वीकारली" असं लिहूनच सही करा. तेवढे दोन शब्द लिहायचे राहिले की वाढीव मोबदल्याचं दार बंद होतं.

आता सड्याकडे येतो. तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलेली गुरं मला सातबाऱ्यापेक्षा महत्त्वाची वाटतात.

१९९४-९५ च्या सुमारास मी प्रांत कचेरीत असताना एका अभयारण्याच्या हक्कचौकशीचं काम माझ्याकडे आलं. गाव सांगत नाही. जुलै महिना, शाळेच्या व्हरांड्यात टेबल, धुकं असं की शिक्क्याची शाई वाळेना. रांगेत एक म्हातारी इरलं डोक्यावर घेऊन उभी. पुढं आली आणि ओच्यातून मूठभर बाळहिरडा टेबलावर ठेवला. म्हणाली, "ह्ये माजं." मी विचारलं, सातबारा? "सातबारा भावकीचा हाय. झाडं माज्या सासऱ्यानं राखली. आन् झऱ्याची वाट आमची." मी तिला सांगितलं, आजी, ज्याची जमीन त्याचं झाड; ज्याच्या नावावर आहे त्याला पाठव. ती काही न बोलता हिरडा पुन्हा ओच्यात भरून गेली.

रात्री विश्रामगृहावर कंदिलाशी कायदा वाचत बसलो होतो. कलम १९ म्हणतं, जमिनीतले किंवा जमिनीवरचे कुणाही व्यक्तीचे हक्क. मालकाचे हक्क असं ते म्हणत नाही. आणि कलम २२ तर म्हणतं की कुणी दावा केला नसला तरी शासनाच्या अभिलेखांवरून आणि जाणकारांच्या साक्षीवरून जे हक्क समजतील, त्यांचीही चौकशी अधिकाऱ्यानं करायची. म्हणजे मी तिला परत धाडलं ती माझी चूक होती, तिची नव्हे. सकाळी कोतवालाला पाठवलं. ती तिसऱ्या दिवशी आली, कारण लावणी चालली होती. तिचा जबाब मी स्वतः लिहून घेतला : हिरड्याची झाडं तीन, उत्तर बांधावर, झऱ्याकडे जाणारी पायवाट, रुंदी तीन फूट. तिनं मला थांबवलं. "तीन नगं लिहू. डोईवर दोन हंडे आन् काखंत एक घेतला का कोपरं काट्याला लागत्यात. चार लिही." चार लिहिलं.

ते अभयारण्य होतं म्हणून तिची झाडं आणि वाट आत चालू ठेवण्याची शिफारस मला करता आली. राष्ट्रीय उद्यान असतं तर नसती आली. पण उद्यानातही नोंदवलेल्या हक्काला मोल असतं. कलम २५ मध्ये सार्वजनिक वाट किंवा सामाईक गायरान बंद होत असेल, तर शासनाच्या मंजुरीनं पर्यायी वाट, पर्यायी गायरान देण्याची तरतूद आहे. अंतिम अधिसूचनेनंतर उद्यानात गुरं चारता येणार नाहीत, कलम ३५ तिथं सवलत ठेवत नाही. तेव्हा तुमच्या चुलतभावाला गुरांसाठी काही हवं असेल तर ते आत्ता, चौकशीत मागायला हवं. किती जनावरं, कोणत्या महिन्यांत, कोणत्या पाणवठ्यावर. गायरानाची नोंद सातबाऱ्यावर सापडेल, वहिवाटीचे साक्षीदार गावात सापडतील, आणि गाव जुनं इनामाचं असेल तर त्याचे कागद तुम्हाला लांब शोधावे लागणार नाहीत; इनामांची जुनी दप्तरं पुण्यातच, विधान भवनाजवळच्या पुरालेखागारात आहेत. ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो ते. धनकवडीहून एक बस.

दुसऱ्या तटाचं, "असले कागद पुष्कळ बघितले" म्हणणाऱ्यांचं, म्हणणं अगदीच खोटं नाही. चौकशी शक्यतो दोन वर्षांत संपवावी असं कायदा म्हणतो, पण न संपली तर अधिसूचना रद्द होत नाही, असंही २००२ च्या दुरुस्तीनं त्यात घातलं आहे. २२ ऑगस्ट १९९७ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना जाहीरनामे दोन महिन्यांत आणि हक्कनिश्चिती वर्षात पुरी करायला सांगितलं होतं. त्यानंतरही फायली तशाच राहिल्या. आपल्याकडचं ठळक उदाहरण माळढोक अभयारण्याचं. १९७९ साली सोलापूर-नगरकडे सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरवर रेघ मारली गेली. आत गावं, बाजारपेठा, मालकी शेतं. खरेदी-विक्री आणि बिनशेतीची कामं वर्षानुवर्षं अडली. शेवटी ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. म्हणजे कागद भिंतीवर पिवळा पडतो हे खरं, पण तो लागू असताना पिवळा पडतो. आणि पुढं तोच अधिक कडकही होतो : चांदोली १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान. त्या खोऱ्यातली माणसं आज सांगली-कोल्हापूरकडच्या वसाहतींत आहेत.

फोटो आला की मला पाठवा. तारीख पाहून मग दाव्याचा मसुदा बघू.

प्रश्न : दादा, माझ्या मामांची जमीन उद्यानाच्या हद्दीत आहे. अजून संपादन नाही, सातबारा त्यांच्याच नावावर आहे. भाताच्या कामाला मामा-मामी जातात तर नाक्यावर अडवतात, पर्यटकांची पावती फाडायला सांगतात. शिवाय आत आमच्या कुळस्वामिनीचं ठाणं आहे, तिथंही पावती. हे बरोबर आहे का? (वाचक, वारजे)

उत्तर : मामा-मामींच्या बाबतीत बरोबर नाही. कलम २७ मध्ये कुणाला आत जाता येतं याची यादी आहे. हद्दीत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेली व्यक्ती आणि तिच्यावर अवलंबून असलेली माणसं त्या यादीत आहेत, आणि हे कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आधार एकत्र लॅमिनेट करून मामांच्या खिशात ठेवा. वनक्षेत्रपालांना एक साधा अर्ज द्या : गट क्रमांक, शेतीच्या कामांचे महिने, घरातल्या माणसांची नावं. पोच घ्या. नाक्यावरचा वनरक्षक रोज बदलतो, पोच बदलत नाही. आणि आत गेल्यावर नियम पाळा. कुत्रा, कोयता, काडेपेटी यावरूनच पुढचे वाद होतात.

कुळस्वामिनीचं वेगळं आहे. तुम्ही वारज्याहून दर्शनाला जाता तेव्हा कायद्याच्या नजरेत परवानगी घेऊन आत जाणारे आहात. यात्रेच्या दिवसांसाठी वेगळी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी करून देतात, पण ती ग्रामपंचायतीनं किंवा देवस्थान समितीनं आधी पत्र देऊन मागायची. हक्कचौकशी अजून उघडी असेल तर ठाण्याची वाट आणि यात्रेची तिथी तिथंही लेखी द्या.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. क्षेत्रकार्याच्या गावात वनखात्याच्या माणसानं सांगितलं, की राष्ट्रीय उद्यानात वनहक्क कायदा लागू नाही. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतात, सातबारा नाही. आता पुनर्वसनाच्या संमतीवर घरोघर सह्या घेत आहेत.

उत्तर : ज्यानं सांगितलं त्यानं कायद्याचं दुसरं कलम वाचलेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात 'वनजमीन' या शब्दाच्या व्याख्येतच अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली जमीन, कमाल चार हेक्टरपर्यंत, आदिवासींना मिळू शकते. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही हलवता येत नाही, हे कलम ४(५).

पुनर्वसनाचं कलम ४(२) मध्ये आहे, आणि तिथं पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी हक्क मान्य करून द्यायचे. मग माणसांच्या राहण्यानं वन्यजीवांची भरून न येणारी हानी होते आणि सहजीवनाचा पर्याय उरत नाही, हे दाखवायचं. मग ग्रामसभेची मोकळी, माहिती देऊन घेतलेली लेखी संमती. आणि नव्या जागी जमीन व सोयी तयार झाल्याशिवाय हलवायचं नाही. तुमच्या गावात शेवटची पायरी आधी चढताहेत असं दिसतं.

तुम्ही गावात आहात तोवर एवढं करा. वनहक्क समितीची दावा-नोंदवही कुणाच्या घरी आहे ते शोधा, आणि दाव्यांच्या पोचपावत्या आहेत का ते पाहा. घरोघर घेतलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे. दाव्यांवर ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. तसा ठराव झाला असेल तर तो इतिवृत्ताच्या कोणत्या पानावर आहे, कोणत्या तारखेचा आहे आणि हजेरीत बायकांचे अंगठे किती आहेत, हे ग्रामसेवकाला विचारा. तोंडी नको, लेखी अर्जानं.